पंधरा वर्षे वापरायची गाडी : संगणकांनी भरलेली मोटार घेताना आणि सांभाळताना

खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांसाठी होते. कर्जाचे हप्ते पाच ते सात वर्षांत फिटतात. कंपनीची मूळ वॉरंटी बहुतेक गाड्यांना दोन-तीन वर्षांची असते आणि पैसे भरून वाढवली तरी ती सहसा पाच-सात वर्षांच्या पुढे फारशी जात नाही. म्हणजे ज्या दिवशी गाडी खऱ्या अर्थाने आपली होते, त्याच सुमारास तिच्या दुरुस्तीची जबाबदारीही पूर्णपणे आपल्यावर येते. उरलेली आठ-दहा वर्षे ती कोणाच्या हातून दुरुस्त होणार, हा प्रश्न शोरूममध्ये गाडीवरचा पडदा दूर करताना कोणी विचारत नाही.

पूर्वी गाडी म्हातारी होत असे ती इंजिनाने आणि पत्र्याने. इंजिनाचे काम करणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळे, आणि पत्र्याचे काम तर त्याहून सोपे होते. आता इंजिन ठणठणीत असतानाही गाडी अंगणात उभी राहू शकते, कारण एखादे नियंत्रक मॉड्यूल, म्हणजे गाडीतले एखादे काम सांभाळणारा छोटा संगणक, मिळत नाही, किंवा मिळाले तरी गाडी त्याला ‘ओळखत’ नाही. म्हणून यापुढच्या सूचना तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांसाठी नाहीत. ज्यांना एकच गाडी दहा ते पंधरा वर्षे नीट वापरायची आहे, त्यांनी त्या वाचाव्यात.

नेमके काय लवकर निकामी होते

इलेक्ट्रॉनिक्सला सरसकट घाबरण्याचे कारण नाही. इंधनाचे माप ठरवणारा संगणक कार्बुरेटरपेक्षा कितीतरी भरवशाचा ठरला आहे. शिवाय साधी गाडी हा पर्यायच आता उरलेला नाही : एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, पुढच्या दोन एअरबॅग त्यानंतर सक्तीच्या झाल्या, १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष आले आणि एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांवर गाडी चालता चालता स्वतःच लक्ष ठेवू लागली. त्यामुळे निवड करायची आहे ती साधी गाडी आणि आधुनिक गाडी यांत नव्हे, तर दुरुस्त होऊ शकणारी आधुनिक गाडी आणि दुरुस्त न होणारी आधुनिक गाडी यांत.

सेन्सर सहसा स्वस्त असतात. ते थोड्याच पुरवठादारांकडून येतात, अनेक मॉडेलांत सारखे असतात आणि नवा बसवला की काम सुरू होते. अडचण आहे ती गाडीशी संकेतांकाने बांधलेल्या भागांची : इंजिनाचा मुख्य संगणक, चावी ओळखणारे इमोबिलायझर, दिवे, काचा आणि कुलुपे सांभाळणारे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, मीटरचा डिजिटल पट, आणि काही गाड्यांत तर समोरचे दिवेसुद्धा. हे भाग एका तारजाळ्यावर परस्परांशी सतत बोलत असतात. दुसऱ्या गाडीतून काढलेला हुबेहूब तसाच भाग बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने नोंद केल्याशिवाय बाकीचे त्याला दाद देत नाहीत. चोरी रोखण्यासाठी ही रचना उपयोगी आहे, हे मान्यच. पण तिच्यामुळेच दहाव्या वर्षी मालकाला पुन्हा कंपनीच्या दारात उभे राहावे लागते.

मोठा टचस्क्रीन हा आणखी निराळा प्रकार. त्याचे वय गाडीच्या वयाने मोजून चालत नाही, मोबाइलच्या वयाने मोजावे लागते. त्यात केवळ गाणी आणि नकाशे असतील तर तो बिघडल्याने प्रवास थांबत नाही. मात्र एसीचे तापमान, काचेवरचे धुके घालवण्याची सोय आणि वाहनाची सेटिंग्ज त्याच पडद्यात कोंबलेली असतील, तर पडदा काळा पडला की कोकणातल्या पावसात गाडी चालवणे धोक्याचे होते. एसीसाठी स्वतंत्र बटणे असलेली गाडी मी नेहमी पसंत करीन, मग तिचा डॅशबोर्ड कितीही जुनाट दिसो.

घेण्यापूर्वी : विक्रेत्याकडे नव्हे, पार्ट काउंटरवर जावे

गाडी पसंत पडली की बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी एक सकाळ मोकळी ठेवावी आणि त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील पार्ट काउंटरवर जाऊन काही भागांच्या किमती लिहून आणाव्यात. मूळ सुट्या भागांच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते, त्यामुळे ही माहिती गोपनीय नाही. नम्रपणे विचारले तर मिळते. विचारायचे भाग असे : समोरचा एक दिवा, कॅमेऱ्याच्या जागेसह पुढची काच, बाजूचा आरसा, टचस्क्रीन युनिट, एक जादा चावी, इंजिनाचा मुख्य संगणक म्हणजे ईसीयू, आणि समोरच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असल्यास ते. एलईडी दिव्यात बहुधा बल्ब बदलता येत नाही, पूर्ण दिवाच बदलावा लागतो, आणि तो दिवा पार्किंगमध्ये लागलेल्या साध्या धक्क्यानेही फुटतो. या सहा-सात किमतींची बेरीज करून ती गाडीच्या किमतीशेजारी लिहावी. दोन तुल्यबळ गाड्यांत कोणती घ्यावी, हे पुष्कळदा या कागदावरच ठरते.

त्याच काउंटरवर आणखी एक प्रश्न विचारावा : हा भाग मागवला तर किती दिवसांत येतो? ‘येतो, येतो’ हे उत्तर पुरेसे नाही. सर्व्हिस सेंटरच्या आवारात पत्र्याचे काम अर्धवट राहून धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या कोणत्या मॉडेलच्या आहेत, एवढे पाहून घेतले तरी बरेच कळते.

मॉडेल निवडताना ते किती विकले जाते आणि त्याचे इंजिन व गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या इतर किती गाड्यांत आहेत, हे पाहणे महत्त्वाचे आहे. पुण्याजवळ तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. कंपनी गेली म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर बनवणारे पुरवठादार इथेच असतात आणि त्यांचा माल बाजारात मिळत राहतो. टंचाई होते ती केवळ त्या मॉडेलसाठीच बनलेल्या वस्तूंची : विशिष्ट आकाराची काच, विशिष्ट दिवा, विशिष्ट मॉड्यूल. ज्या गाडीत अशा वस्तू जितक्या जास्त, तितका तिचा मालक कंपनीच्या धोरणावर जास्त अवलंबून.

गिअरबॉक्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दीर्घकाळासाठी मॅन्युअल सर्वांत निर्धास्त. ऑटोमॅटिक हवीच असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणारा) प्रकार वेळेवर तेल बदलल्यास चांगला टिकतो. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेली यांत्रिक-विद्युत जोडणी. तिचे झटके कंटाळवाणे असले तरी तिची दुरुस्ती बाहेरच्या गॅरेजात होऊ शकते. कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, चालवायला देखणा आहे, पण मुंबई-पुण्याच्या रखडत्या वाहतुकीत तो तापतो, आणि त्याचे नियंत्रक युनिट बिघडल्यास खर्च मोठा असतो.

डिझेलबाबत पूर्वीचा हिशेब बदलला आहे. बीएस-६ डिझेल गाडीतील डीपीएफ ही काजळी अडवणारी जाळी असते. ती साचलेली काजळी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून स्वतःला मोकळी करते, आणि ते तापमान गाडी सलग वेगात चालली तरच सहज येते. रोज चार किलोमीटर शाळा आणि दोन किलोमीटर भाजी असा वापर असेल तर जाळी भरत जाते, मीटरवर दिवा लागतो, आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन सक्तीने सफाई करून घ्यावी लागते. ज्यांचे महिन्यातून दोन-चार वेळा महामार्गावर जाणे होत नाही, त्यांनी आज डिझेल घेऊ नये. घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग वेगात चालवावी आणि डीपीएफसाठी सांगितलेले कमी राखेचे ऑइलच वापरावे. जाळी कापून टाकून संगणकाला गप्प करण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे, आणि पुढे फेरनोंदणीच्या तपासणीत अंगाशी येऊ शकते.

‘कनेक्टेड’, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, गाडीची परीक्षा एका प्रश्नाने होते : अॅप, सिमकार्ड आणि कंपनीचा सर्व्हर कायमचे बंद झाले तर या गाडीत काय चालणार नाही? अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी जाळी बंद झाल्यावर अनेक चांगल्या स्थितीतील गाड्यांच्या दूरस्थ सुविधा नाहीशा झाल्या. ब्रिटनमध्ये निसानने एप्रिल २०२४ मध्ये २०१६ पूर्वीच्या लीफ या विजेवरच्या गाड्यांचे अॅप बंद केले, कारण त्यांचा संपर्क टू-जी जाळ्यावर चालत होता. फिस्कर या अमेरिकी कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर तर मालकांनाच संघटना करून सॉफ्टवेअर आणि सुटे भाग यांची व्यवस्था पाहावी लागली. एसी दुरून सुरू करण्याची सोय गेली तर चालेल. दार उघडणे, गाडी सुरू करणे आणि चार्जिंगची वेळ ठरवणे या गोष्टी मात्र अॅपविना झाल्याच पाहिजेत. धातूची चावी कुठे लपलेली आहे आणि चावीतील सेल संपल्यावर गाडी कशी सुरू करायची, हे ताबा घेतानाच विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे.

पहिली पाच वर्षे : फाइल, चाव्या आणि न कापलेल्या तारा

एक फाइल करावी. तीत प्रत्येक जॉब कार्ड, प्रत्येक बिल, बदललेल्या भागांचे पार्ट नंबर, सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर ठेवावेत. दोन्ही चाव्या आणि चावीबरोबर आलेला क्रमांकाचा बिल्ला वेगवेगळ्या जागी ठेवावा. एक चावी हरवल्यास लगेच दुसरी करून घ्यावी, कारण एकही चावी नसताना इमोबिलायझरची नवी नोंद करणे फार महाग पडते. शक्य असल्यास त्या मॉडेलचे वायरिंगचे आराखडे आणि फ्यूजचा तक्ता मिळवून ठेवावा. आज निरुपयोगी वाटणारा हा कागद दहाव्या वर्षी वायरमनचे दोन दिवस वाचवतो.

गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचा सर्वांत मोठा शत्रू वय नाही. ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात बसवलेल्या अॅक्सेसरीज आहेत. जादा दिवे, मोठा हॉर्न, अॅम्प्लिफायर, सीटखालचे रंगीत दिवे यांसाठी मूळ वायरिंग सोलून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली जाते, आणि त्या सांध्यात पहिल्याच पावसाळ्यात ओल शिरते. काही बसवायचेच असेल तर तार न कापता जुळणारा कपलर, रिले आणि स्वतंत्र फ्यूज यांच्याच आधारे बसवावे. डॅशकॅमसारख्या लहान उपकरणासाठी फ्यूजबॉक्समधून वेगळी वाट काढणारे छोटे अडॅप्टर मिळते.

उंदरांचा उल्लेख लेखात विनोदी वाटेल, पण ज्याने हार्नेसचे, म्हणजे तारांच्या जुडग्याचे, बिल भरले आहे तो हसणार नाही. पावसाळ्यात कोरड्या आणि उबदार जागेच्या शोधात उंदीर बोनेटखाली येतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. गाडी एकाच जागी आठवडा-आठवडा उभी ठेवू नये, जवळ कचरा किंवा धान्य नसावे, बोनेट अधूनमधून उघडून पाहावे आणि इंजिनाखालच्या पत्र्याच्या वा प्लॅस्टिकच्या तटाला भोक पडले असल्यास ते बुजवावे. तंबाखूच्या पुड्या ठेवण्याचा उपाय गल्लोगल्ली सांगितला जातो. त्याने उंदीर गेल्याचे मी पाहिलेले नाही. विम्याच्या पॉलिसीत उंदरांनी केलेल्या नुकसानाबद्दल काय लिहिले आहे, ते मात्र आधी वाचून ठेवावे.

पाण्याचे तसेच. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा एकदाही प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारले जाते, म्हणून ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण मुंबई, ठाणे, वसई, कोल्हापूर, सांगली अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी घ्यावेच. पाणी केबिनमध्ये आले असेल तर बॅटरीची ऋण तार काढावी, टोचन लावून गाडी न्यावी, आणि गालिचे उचलून सीटखालचे कपलर आणि मॉड्यूल कोरडे करून घ्यावेत. वरून सुकलेल्या गालिच्याखालचा फोम आठवडाभर ओला राहतो, आणि खरे नुकसान त्या आठवड्यात होते. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, अर्थिंगचे सांधे आणि बॅटरीची टोके साफ करून घेण्याचा नियमच करावा.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या आठ वर्षांच्या गाडीत एका जुलैत वायपर मध्येच थांबू लागले, काचा आपोआप खाली येऊ लागल्या आणि मीटरवर चार-पाच इशारे एकदम दिसू लागले. एका सर्व्हिस सेंटरने बॉडी कंट्रोल मॉड्यूल आणि पुढचे संपूर्ण वायरिंग बदलण्याचा अंदाज लिहून दिला. तो आकडा गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्याइतका होता. आमच्या पेठेतल्या वायरमनने बॅटरीचा ट्रे उचलला, त्याखालचा अर्थिंगचा गंजलेला बोल्ट काढला, खाली पत्रा घासून स्वच्छ केला, नवा बोल्ट बसवला आणि वर ग्रीस लावले. त्यानंतर तो दोष पुन्हा आलेला नाही.

वॉरंटी संपल्यावर : निदान आधी, पार्ट नंतर

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात लावायचा ब्लूटूथचा स्कॅनर स्वस्त आहे आणि तो प्रत्येक दीर्घकालीन मालकाकडे असावा. ‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यावर मेकॅनिककडे जाण्यापूर्वी दोषाचा संकेतांक वाचून लिहून ठेवावा, त्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग वगैरे काय होते याची जी नोंद गाडी ठेवते, तिचाही फोटो काढावा. संकेतांक पुसून टाकण्याची घाई करू नये, कारण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. ‘पी’ने सुरू होणारे संकेतांक इंजिन-गिअरबॉक्सचे, ‘बी’ केबिनचे, ‘सी’ ब्रेक-सस्पेन्शनचे आणि ‘यू’ मॉड्यूलांच्या आपसांतील संभाषणाचे. काम झाल्यावर स्कॅनर काढून ठेवावा. तो लावून ठेवला तर बॅटरी हळूहळू उतरते.

संकेतांक म्हणजे निदान नव्हे, हे मेकॅनिकलाही सांगावे लागते. ‘पी०४२०’ म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते आहे, एवढेच. कारण कन्व्हर्टर असू शकतो, त्याच्या पुढचा-मागचा ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, सायलेन्सरच्या सांध्यातील गळती असू शकते किंवा एखादा प्लग नीट पेटत नसेल. यांतले शेवटचे सर्वांत स्वस्त आणि पहिले सर्वांत महाग. तपासणी स्वस्ताकडून महागाकडे व्हावी. एकाच वेळी असंबद्ध दिसणारे अनेक ‘यू’ संकेतांक आले तर मॉड्यूलला हात लावण्यापूर्वी बॅटरी मोजावी. रात्रभर उभ्या गाडीत ती साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट असावी, आणि इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. थकलेली बॅटरी या गाड्यांत भुताटकीसारखी वागते. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-सुरू होण्याची सोय, असलेल्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, ईएफबी किंवा एजीएम या दणकट प्रकारची लागते, आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते.

गॅरेज निवडताना पाटीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. त्यांच्याकडे आपल्या कंपनीच्या गाड्यांसाठी कोडिंग (नव्या भागाची गाडीशी नोंद) करू शकणारे उपकरण आहे का. ते जुने पार्ट परत देतात का. आणि ‘आधी तपासणीचे पैसे देतो, पार्ट नंतर ठरवू’ असे म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो. तपासणीचे वेगळे पैसे देण्याची सवय आपल्याला नाही. म्हणूनच मेकॅनिकला पार्ट बदलूनच कमावावे लागते, आणि दोष असो नसो, सेन्सर बदलले जातात.

काही कामे वरवर साधी दिसतात पण आता साधी राहिलेली नाहीत. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे ब्रेक पॅड बदलताना आधी स्कॅनरने कॅलिपर (पॅड दाबून धरणारा भाग) देखभालीच्या स्थितीत न्यावा लागतो. क्लॅम्पने पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर हँडब्रेकची विजेची मोटर तुटू शकते. पुढच्या काचेला चिकटलेला कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करावेच लागते, आणि त्याची पावती मागून घ्यावी. कॅलिब्रेशन न केलेल्या कॅमेऱ्यामुळे गाडी चुकीच्या जागी ब्रेक लावू शकते. बंपरमागे रडार असेल तर त्यावर पुट्टी आणि रंगाचे जाड थर देऊ नयेत.

सुट्या भागांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. कंपनीच्या खोक्यातला भाग, तोच भाग मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला, नावाजलेल्या कारखान्याचा पर्यायी भाग आणि नुसता डुप्लिकेट असे चार प्रकार असतात. जुन्या भागावरचा पार्ट नंबर आणि पुरवठादाराचे चिन्ह पाहून पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात दुसऱ्या प्रकारचा माल मागितला तर तोच दर्जा पुष्कळदा कमी पैशांत मिळतो. कुर्ल्याच्या जुन्या मालातून आरसा, दरवाजा, काचेची मोटार, स्टिअरिंग कॉलमचे प्लॅस्टिक खुशाल घ्यावे. एअरबॅग, सीटबेल्ट आणि ब्रेकचे भाग जुने कधीही घेऊ नयेत. संगणक मॉड्यूल जुने घ्यायचे असेल तर आधी त्यात आपल्या गाडीचे संकेतांक उतरवून देणारा माणूस शोधावा, मग मॉड्यूल. बिघडलेले मूळ मॉड्यूल टाकून देऊ नये. मोठ्या शहरांत ईसीयूचा बोर्ड उघडून एखादा कपॅसिटर किंवा ड्रायव्हर चिप बदलणारे कारागीर आहेत, आणि मूळ मॉड्यूल दुरुस्त झाले तर नव्याने नोंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल, ही धमकी सरसकट खरी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दल. केवळ बाहेरच्या गॅरेजात गेल्याच्या कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि प्रत्यक्षात फारसे काही सैल झाले नाही, ही आपली नेहमीची गोष्ट. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. त्यावर दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. प्रत्यक्ष वादात उपयोगी पडतो तो १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आणि आपली फाइल. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नयेत. जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी.

विम्याचा हिशेब, जो गाड्यांना अकाली भंगारात नेतो

दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपलीकडे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. समजा, नवी असताना १५ लाखांची गाडी नवव्या वर्षी चार लाखांच्या आयडीव्हीवर आहे. मग मर्यादा तीन लाखांची. समोरून मध्यम धडक बसली तर दोन एलईडी दिवे, बंपर, रडार, कंडेन्सर, रेडिएटर, दोन एअरबॅग, त्यांचे मॉड्यूल आणि कॅमेऱ्याची काच एवढ्यातच ती ओलांडली जाऊ शकते. भागांच्या किमती नव्या गाडीच्या राहतात, गाडीची किंमत मात्र दरवर्षी उतरते. सांगाडा सरळ आणि इंजिन शाबूत असलेली गाडी अशा रीतीने संपते. त्यामुळे जुन्या गाडीचा हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली घेण्याचा मोह टाळावा; पाच वर्षांनंतर ती परस्परसंमतीने ठरते, तेव्हा वाजवी तितकी वर मागावी. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण जितकी वर्षे मिळेल तितकी वर्षे घ्यावे.

विजेवरच्या गाडीबद्दल थोडेसे

येथे सर्व प्रश्न एका डब्यात येऊन बसतात. बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी सामान्यतः असते. त्याहून लांब, ‘आजीवन’ म्हणवली जाणारी वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, आणि पुनर्विक्रीच्या किमतीत तो फरक दिसतो. खरेदीपूर्वी लेखी विचारावे की बॅटरीत दोष आल्यास पूर्ण डबा बदलतात की आतले एखादे मॉड्यूल, ते काम आपल्या जिल्ह्यात होते की गाडी दुसऱ्या शहरात पाठवतात, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर दावा मान्य होतो. दरवर्षी बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल घेऊन फाइलमध्ये लावावा. नारिंगी आवरणाच्या तारांना गावातल्या वायरमनने हात लावू नये. आणि विजेवरची गाडी रस्त्यात बंद पडली तर मोठ्या बॅटरीवर संशय घेण्यापूर्वी लहान १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. ती बसली की सगळे पडदे काळे होतात.

पंधराव्या वर्षी

फेरनोंदणी पाच-पाच वर्षांसाठी होते. मोटारीसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी आरटीओसमोर तपासणीला उभी राहील तेव्हा दिवे, वायपर, काचा, हॉर्न चालले पाहिजेत. म्हणून चौदाव्या वर्षीच एकदा पूर्ण स्कॅन करून घ्यावे आणि ज्या भागांना यायला महिने लागतात ते मागवून ठेवावेत.

कुठे थांबायचे, याचा माझा ठोकताळा असा : गेल्या चोवीस महिन्यांतील झीज सोडून केलेल्या दुरुस्त्यांची बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, किंवा सुरक्षिततेचा एखादा भाग मिळणे कायमचे बंद झाले, की विकावी किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तोवर टायर, क्लच, बॅटरी यांचा खर्च पाहून निराश होऊ नये. तो नव्या गाडीलाही येणारच.

विकताना फाइल आणि दोन्ही चाव्या खरेदीदाराच्या हाती द्याव्यात. त्यापूर्वी टचस्क्रीनमधील फोनची यादी, घराचा पत्ता आणि कॉलची नोंद मूळ स्थितीवर नेऊन पुसावी, कंपनीच्या अॅपमधून गाडी आपल्या खात्यातून काढावी आणि फास्टॅग बंद करावा. अॅपमधून गाडी काढायची राहिली, तर नव्या मालकाला ती आपल्या नावावर चढवता येत नाही, आणि आपल्याला मात्र ती रोज कुठे उभी आहे हे दिसत राहते.